खालची वीतभर जागा आणि लोखंडी दाराचा रंग

प्रश्न असा आहे: रत्नागिरीजवळ तळमजल्याचं घर, समुद्र किलोमीटरभरावर. मुख्य दार लोखंडी पत्र्याचं, मागे चौकोनी पाइपचा सांगाडा, बाराएक वर्षांपूर्वी बसवलेलं. गेल्या वर्षी गणपतीआधी रंगाऱ्याकडून ऑइलपेंट मारून घेतला आणि दिवाळी यायच्या आत खालच्या बाजूने पोपडे सुटले. यंदा घरीच करायचं आहे. सगळा जुना रंग काढायचा का, कोणता प्रायमर, कोणता रंग, दार उतरवावं लागेल का आणि एकूण किती दिवस जातील?

आधी मुद्द्याचं सांगतो. सगळा जुना रंग काढू नका. कमरेच्या वरचा रंग घट्ट बसलेला असेल, आणि बहुतेक असतोच, तर तो तुमच्या नव्या रंगाचा सगळ्यात चांगला पाया आहे. तो खरवडण्यात दोन दिवस घालवून दमलेला माणूस खालच्या भागाशी पोचतो तेव्हा कंटाळलेला असतो, आणि दार मरतं ते खालूनच. तुमच्या कष्टाचे चार वाटे केले तर तीन वाटे खालच्या फूटभर भागाला आणि कडांना द्या, उरलेला एक बाकी सगळ्या दाराला. माझ्या पाहण्यात जी लोखंडी दारं टिकली ती याच वाटणीने रंगवलेली होती.

खालीच का सडतं ते नीट समजून घ्या, म्हणजे काय करायचं ते आपोआप कळेल. रोज लादी पुसली जाते, ओला पोछा दाराच्या तळाला लागतो. पावसात पागोळ्यांचं पाणी उंबऱ्यावर आपटून वर उडतं. तळाची कड जमिनीकडे असते, म्हणून दार बनवणाऱ्यानेही तिथे ब्रश घातलेला नसतो. त्यातून पत्रा जिथे पाइपवर दुमडलेला असतो त्या दुमडीत पाणी शिरतं आणि वाळायला जागाच मिळत नाही. म्हणजे गंज आतून बाहेर येतो. बाहेरून तुम्ही कितीही झकास रंग मारा, तो खालून ढकलला जातो. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: फरशीवरचे डाग काढायला जे ऍसिड वापरतात त्याच्या वाफा लोखंडाला फार वाईट. उंबऱ्याजवळ ते ओतलं की महिन्याभरात दाराच्या तळाला तांबूस झाक येते. ते बंद करा, निदान दारापाशी.

समुद्राकाठच्या घरांना याशिवाय मिठाचा त्रास. हवेतून आलेलं मीठ दारावर बसतं, गंजाच्या खळग्यांत जाऊन मुरतं. मीठ हवेतला ओलावा ओढतं. त्यावर रंग चढवला तर रंगाच्या खाली मीठ अडकतं, रंगाच्या थरातून ओलावा हळूहळू आत खेचला जातो आणि फोड येतात. फोड फोडून बघा, आत पाण्याचा थेंब किंवा ओला तांबूस चिखल दिसला तर कारण हेच. पॉलिश पेपरने घासून मीठ जात नाही, ते खळग्यांत आणखी दाबलं जातं. मीठ पाण्यानेच जातं. म्हणून कोकणात, मुंबईत, गोव्यात लोखंड रंगवताना क्रम वेगळा असतो: आधी धुणं, मग घासणं, मग पुन्हा धुणं. घाटावर एखादा रंगारी पहिलं धुणं टाळून निभावून नेईल, तुमच्याकडे नाही.

गेल्या वर्षीचं काम का गेलं याचा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही. गणपतीआधी म्हणजे श्रावणात, कोकणातल्या भर पावसात, गंजावर वरवर ब्रश फिरवून रंग मारला. लोखंड हवेपेक्षा थंड असेल तर त्यावर न दिसणारं दव धरतं. कारखान्यांत आणि पुलांवर रंगकाम करणारे लोक एक नियम पाळतात: हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत हवी आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली ओल दव होऊन बसते) किमान 3 अंश सेल्सिअसने वर हवं. घरी मापक नसतो, म्हणून साधी परीक्षा करा. ओल्या चिंधीने दारावर हातभर पट्टा पुसा. दहा-पंधरा मिनिटांत तो कोरडा झाला तर रंगाला हवा ठीक आहे; ओल रेंगाळली तर ब्रश ठेवून द्या. गणपतीसाठी घाई असेल तर मे महिन्यात सकाळी उरका, नाहीतर दसऱ्यानंतर करा. ऑक्टोबरची उन्हं लोखंडाच्या कामाला उत्तम. फक्त भर दुपारी, तापलेल्या पत्र्यावर ब्रश लावू नका; रंग पसरायच्या आत ओढला जातो आणि ब्रशाचे चरे तसेच राहतात.

आता घासायला लागण्याआधी थांबा. तुमचं दार बारा वर्षांपूर्वीचं आहे. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे 2016 साली आला आणि तो 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, लाल, हिरव्या छटांत, शिसं भरपूर असू शकतं. म्हणून जुना रंग कोरडा घासून धूळ उडवायची नाही. वॉटर पेपर घ्या, पाण्यात बुडवून घासा, खाली प्लास्टिक पसरा, निघालेला गाळ आणि पोपडे पिशवीत बांधून टाका. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी दुसऱ्या खोलीत, शक्यतो दुसऱ्या घरी. तोंडावर साधा रुमाल पुरत नाही, एन 95 मास्क लावा. ग्राइंडर किंवा आगीचा झोत जुन्या रंगावर तर अजिबात नको, त्याने शिशाची धूळ आणि धूर होतो.

दारावरचं सामान उतरवा: नेमप्लेट, कडी, हँडल, पीपहोलची रिंग, तोरणाचे खिळे, शुभ-लाभचे स्टिकर. स्टिकरचा गोंद टर्पेंटाइनने जातो. आपल्या दारांवर आणखी एक प्रकार असतो, तो म्हणजे वर्षानुवर्षांचं तेल-कुंकू. पाडव्याला, दसऱ्याला, लक्ष्मीपूजनाला काढलेली स्वस्तिकं, तुपाचे हात, शिवाय बिजागरीत सोडलेलं शिवणयंत्राचं तेल. हे आधी काढलं नाही आणि घासायला सुरुवात केली तर पेपर ते तेल सगळीकडे पसरवतो. कपडे धुवायच्या पावडरीच्या कोमट पाण्याने, नारळाच्या काथ्याने किंवा प्लास्टिकच्या ब्रशने दार वरपासून खालपर्यंत धुवा, मग साध्या पाण्याने दोनदा. बिजागरीला कधी सिलिकॉनचा स्प्रे मारला असेल तर त्या भागावर जास्त मेहनत घ्या. सिलिकॉन राहिलं की नवा रंग तिथे गोल गोल खळगे पाडून बाजूला सरकतो, आणि कितीही हात मारले तरी ते खळगे भरत नाहीत.

धुऊन झालं की खालच्या भागाकडे वळा. पोपडे लांबी (खळगे भरायची पुट्टी) लावायच्या पत्र्याने खरवडा. पत्रा रंगाखाली सहज शिरतो तोवर पुढे जात राहा. जिथे तो अडतो, नखाने कड उचलत नाही, तिथे थांबा. तीच घट्ट रंगाची हद्द. गंजाचे जाड थर हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी सोडवा, मग तारेचा ब्रश, मग 80 नंबरचा पेपर. बोटाला तांबूस पूड लागायची थांबली पाहिजे. खळग्यांच्या तळाशी काळपट डाग राहिले तर चालतील, पण सुटणारं काही राहायला नको. जुन्या रंगाची तुटकी कड 120 आणि मग 220 नंबरने उतरती करा, इतकी की डोळे मिटून हात फिरवला तर पायरी जाणवू नये.

धारदार कडा कानशीने किंचित गोल करा. ओला रंग वाळताना टोकदार कडेवरून मागे ओढला जातो, तिथे थर सगळ्यात पातळ राहतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. पत्र्याच्या कापलेल्या कडेला एका मिनिटाची कानस दिली तर काम दुप्पट टिकतं असं मी म्हणेन, आणि मोजमाप मागू नका.

घासून झालं की तो भाग पुन्हा साध्या पाण्याने धुवा, खळग्यांत जुन्या दातब्रशाने घासत. समुद्राकाठी हे दोन-तीनदा. मग कोरड्या कपड्याने पुसून केस वाळवायच्या यंत्राने दुमडी आणि सांधे वाळवा. मीठ राहिलंय का हे लोखंडच सांगतं: थोड्या वेळाने खळग्यांत पुन्हा ओलसर काळे ठिपके उठले तर मीठ अजून आत आहे, परत धुवा. साध्या पाण्यामुळे येणारी फिकट तांबूस झाक वेगळी, ती पेपरच्या दोन हातांनी जाते. स्वच्छ झालेलं लोखंड उघडं ठेवून झोपायचं नाही. त्याच दिवशी, जमल्यास दोन-तीन तासांत, प्रायमर लागला पाहिजे.

पत्र्याला आरपार भोक पडलं असेल तर लांबी भरून ते झाकू नका. टोकदार वस्तूने टोचून बघा. पत्रा मऊ लागला, आत गेला तर वेल्डरकडून खालची पट्टी कापून नवी बसवून घ्या. नव्या पट्टीवर वेल्डिंगचा चिकटलेला कचरा आणि निळसर काळी कारखान्यातली खपली असते. तीही काढावी लागते, कारण तिच्यावर मारलेला रंग तिच्यासकटच सुटतो. फॅब्रिकेटर दार देताना जो पातळ लाल हात मारून देतो तो बहुतेक वेळा याच कचऱ्यावर मारलेला असतो. तो प्रायमर समजू नका.

गंजाचं काळं करून टाकणारं रसायन मिळतं, गंजरोधक म्हणून. त्यात फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असतं आणि ते लोखंडाच्या गंजाला काळसर, स्थिर थरात बदलतं. पातळ, घट्ट गंजावर उपयोगी आहे. जाड, सुटणाऱ्या गंजावर ते वरचं पापुद्रं काळं करतं आणि खाली सगळं तसंच राहतं. हाताला न पोचणाऱ्या दुमडीत सोडायला मी ते वापरतो, खरवडण्याऐवजी म्हणून नाही. बाटलीवर धुवायला सांगितलं असेल तर धुवा.

प्रायमरबद्दल दुकानात तुम्हाला रेड ऑक्साइड देतील. ते वाईट नाही, पण साधं रेड ऑक्साइड मुख्यतः पडदा धरतं. गंजाशी स्वतः लढत नाही. लढणारा घटक म्हणजे झिंक फॉस्फेट. पूर्वी त्या जागी झिंक क्रोमेट असायचं, पण त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे, त्यामुळे घरच्या कामात ते टाळावं. डब्यावर झिंक फॉस्फेट लिहिलेला, एकाच डब्यातून येणारा धातूचा प्रायमर मागा. इपॉक्सी प्रायमर, म्हणजे दोन डबे मिसळून करायचा, समुद्राकाठी याहून सरस ठरतो. पण त्यातला थिनर कडक असतो आणि जुन्या ऑइलपेंटवर पडला की खालचा रंग उचलून सुरकुत्या पाडतो. खालचा फूटभर भाग तुम्ही पूर्ण उघडा केला असेल तरच तिथे इपॉक्सी वापरा, जुन्या रंगावर चढवू नका. अर्धवट खरवडलेल्या दाराला एका डब्याचा प्रायमरच बरा. याच कारणाने ऑइलपेंटच्या दारावर ड्युको किंवा पीयू (गाड्यांना, फर्निचरला मारतात ते कडक थिनरचे रंग) स्प्रे मारून घ्यायच्या भानगडीत पडू नका.

तुमचं दार गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं नाही हे एकदा खात्रीने बघा. गंज तांबूस असेल तर लोखंड. घासल्यावर खाली करडी चमक आणि पांढरी भुकटी दिसली तर जस्ताचा थर आहे. जस्तावर ऑइलपेंट थेट बसत नाही. रंगातलं तेल आणि जस्त यांची रासायनिक क्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि वर्षा-दोन वर्षांत रंगाची सालं निघतात. त्याला जस्तासाठीचा खास प्रायमर लागतो. हल्ली लाकडाचे रेषे छापलेली तयार स्टीलची दारं मिळतात त्यांचंही तसंच: वर पावडर कोटिंग, खाली बहुधा जस्ताचा पत्रा. त्यांना 320 नंबरच्या पेपरने वरची चमक मारून (घालवून) चिकटणारा प्रायमर लावल्याशिवाय रंग धरत नाही.

प्रायमर लावताना आधी छोट्या ब्रशाने फक्त कडा, दुमड्या, वेल्डिंगचे सांधे आणि खळगे भरा. ब्रश टोचत टोचत. ते वाळलं की उघड्या लोखंडाच्या पूर्ण भागावर एक हात, दुसऱ्या दिवशी आणखी एक. घट्ट जुन्या रंगावर प्रायमरची गरज नाही, तिथे 220 नंबरने चमक मारली की पुरे. खळगे डोळ्यांना खुपत असतील तर प्रायमरच्या दोन हातांमध्ये लांबी भरा, उघड्या लोखंडावर कधीच नाही. खोल खळग्यांना इपॉक्सी लांबी, उथळ खरचटण्यांना साधी. आणि लांबी पातळ भरा. जाड भरलेली वरून वाळते, आतून ओली राहते आणि उन्हाळ्यात तडकते.

तळाची कड कशी रंगवायची? बिजागऱ्या पिनच्या असतील तर दोघांनी मिळून दार उचलून उतरवा, दोन स्टुलांवर आडवं ठेवा, काम निम्मं सोपं होतं. दार पोकळ असल्यामुळे फार जड नसतं, पण बोटं सांभाळा. बिजागऱ्या वेल्ड केलेल्या असतील तर उतरवण्याच्या फंदात पडू नका. जुन्या सतरंजीचा किंवा गालिच्याचा हातभर तुकडा घ्या, त्याला प्रायमर लावा आणि दाराखालून दोन्ही टोकं धरून पुढे-मागे ओढा. खाली आरसा ठेवून राहिलेली जागा बघा. नंतर रंगाच्या दोन्ही हातांनाही हाच उपाय करा. सांगाड्याच्या तळाच्या पाइपला खालून 5-6 मिलिमीटरची दोन भोकं पाडून घेतली तर आत साचलेलं पाणी निघून जातं. भोकांच्या कडांना प्रायमर लावायला विसरू नका.

रंगाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. नामांकित कंपनीचा सिंथेटिक इनॅमल, म्हणजे आपला ऑइलपेंटच, घ्या, चकचकीत. मॅटपेक्षा चकचकीत थर पाणी लवकर झटकतो आणि पुसायला सोपा. पांढरा किंवा क्रीम घेणार असाल तर लक्षात ठेवा, ऑइलपेंटचा पांढरा उजेड नसलेल्या जागी पिवळा पडतो, म्हणजे दाराची आतली बाजू दोन वर्षांत वेगळी दिसेल. पांढराच हवा असेल तर पाण्यातला इनॅमल घ्या. तो पिवळा पडत नाही, वासही कमी, मात्र खालचं लोखंड प्रायमरने पूर्ण झाकलेलं पाहिजे, नाहीतर पाण्यामुळे डाग उठतात. पश्चिमेला तोंड असलेल्या दाराला काळा किंवा गडद चॉकलेटी टाळा. दुपारी हात लावता येत नाही.

सात बाय तीन फुटांच्या दाराच्या दोन बाजू म्हणजे 42 चौरस फूट, चौकट धरून पन्नासच्या आसपास. दोन हातांना लिटरभर इनॅमल आणि उघड्या भागाला अर्धा लिटर प्रायमर पुरतो. पातळ करायला टर्पेंटाइनच, तेही दहाव्या हिश्शाच्या आत. रॉकेल घालायचा मोह पुष्कळांना होतो, रंगाऱ्यांनाही. त्याने रंग उशिरा वाळतो, चिकट राहतो आणि चमक जाते. सपाट पत्र्याला चार इंची फोमचा रोलर, मग लगेच कोरड्या मऊ ब्रशाचा हलका हात वरून खाली, एकाच दिशेने, परत परत नाही. जाळी किंवा नक्षी असेल तर आधी ती, मग सपाट भाग. थर पातळ. ओघळ दिसला तर ओला असतानाच ब्रशाने उचला. अर्धवट वाळल्यावर हात लावू नका, वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी 320 ने घासा. पहिल्या आणि दुसऱ्या हातात एक पूर्ण रात्र जाऊ द्या.

मुख्य दार आहे, रात्री बंद करावंच लागणार. म्हणून रोज सकाळी आधी दाराच्या कडा आणि चौकट रंगवा, दुपारनंतर मधला भाग. रात्री दार आणि चौकटीच्या मध्ये मेणकागदाच्या पट्ट्या ठेवा, नाहीतर सकाळी ओढल्यावर रंग चौकटीला चिकटून येतो. रबराची पट्टी असेल तर ती आठवडाभर काढूनच ठेवा. शेवटच्या हातानंतर कडांवर टाल्कम पावडर पुसली तर चिकटत नाही; आधीच्या हातांना नको, पुढचा रंग धरणार नाही. बिजागरीच्या पिनला रंग लावायचा नाही, काम संपल्यावर ग्रीसचा ठिपका.

दिवसांचा हिशोब: पहिला दिवस धुणं, घासणं, पुन्हा धुणं आणि संध्याकाळच्या आत पहिला प्रायमर. दुसरा दिवस लांबी आणि दुसरा प्रायमर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी इनॅमलचे दोन हात. हाताला कोरडा लागला तरी रंग आतून घट्ट व्हायला साधारण आठवडा जातो. तोवर नेमप्लेट, स्टिकर, तोरणाची तार काही नको, ओला पोछाही जपून. तेला-रंगाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ऑइलपेंटमधलं जवसासारखं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्याच्या आत ती साठून पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून बाहेर पसरून वाळवा, मग टाका.

उरलेल्या रंगाचा डबा झाकण घट्ट ठोकून ठेवा, सोबत थोडा प्रायमर. दर दिवाळीच्या साफसफाईत दाराचा तळ आरशात बघायचा, तांबूस ठिपका दिसला तर तेवढाच घासून, धुऊन, प्रायमर आणि रंगाचा एक-एक हात. मोठं काम मग बराच काळ काढावं लागत नाही.